मधला खुंट

नोकरी लागल्यावर पहिल्यांदा घरी आलो तेव्हा आजीने विचारलं, "कायचं काम हाय रे तुहं?"

"माती तपासायचं."

"आन् तिच्यात पेरनार काय?"

हा प्रश्न तिने पुढची दोन-अडीच वर्षं पुरवून पुरवून विचारला. पाहुणे आले की त्यांच्यासमोर तर हमखास. माती तपासतात ती पिकासाठी, कृषीवाले पिशवीत भरून नेतात, हे तिला ठाऊक होतं. रस्त्याखाली जी कायमची गाडायची, जिच्यावर गवताची काडीसुद्धा उगवू द्यायची नाही, ती माती तपासायला माणूस ठेवतात आणि त्याला पगार देतात, हे तिला अजूनही पुरतं पटलेलं नाही.

२०१९ ते २०२१ मी समृद्धी महामार्गाच्या मातीकामावर होतो, क्वालिटी लॅबमध्ये. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, १० जिल्हे, ३९२ गावं, १६ पॅकेज. त्यातल्या एका पॅकेजच्या कंत्राटदाराच्या पोटकंत्राटदाराकडे मी, असा माझा हुद्दा. काम बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे घरच्याच मुलखात. डिप्लोमा करून पुण्यात दोन वर्षं फ्लॅटच्या स्लॅबवर उभं राहिल्यावर गावाजवळ नोकरी मिळतेय म्हटल्यावर मी पगारसुद्धा नीट विचारला नव्हता.

लॅब म्हणजे दोन कंटेनर, एक ओव्हन, चाळण्यांची चळत आणि बाहेर पत्र्याच्या सावलीत ठोके मारायची जागा. मुरूम कुठूनही आला तरी आधी त्याला ठोके खावे लागतात. लोखंडी साच्यात पाच थर भरायचे आणि प्रत्येक थरावर ४.९ किलोचा हातोडा ४५ सेंटिमीटरवरून २५ वेळा सोडायचा. एका साच्याला सव्वाशे ठोके. मग मुरमात थोडं पाणी वाढवून पुन्हा सव्वाशे. असे पाचेक साचे झाले की आलेख निघतो. पाणी वाढेल तशी घनता चढत जाते, एका जागी शिगेला पोचते आणि तिथून उतरायला लागते. शिगेवरचं पाणी म्हणजे ओएमसी, तिथली घनता म्हणजे एमडीडी. ही रीत मुळात राल्फ प्रॉक्टर नावाच्या इंजिनिअरने १९३३ साली मांडली. तो लॉस एंजेलिसच्या पाणीखात्यात होता आणि मातीची धरणं बांधत होता. आमच्याकडे त्याचं नाव दिवसातून पन्नास वेळा घेतलं जायचं, पण तो माणूस होता हे लॅबमधल्या निम्म्या पोरांना माहीत नव्हतं. "आज किती प्रॉक्टर मारले?" असा हिशेब चाले.

आजीला मी हा आलेख वहीवर काढून दाखवला होता. तिने चष्मा न लावताच पाहिला आणि म्हणाली, "भाकरीचं पीठ." पाणी कमी पडलं तर कडा फुटतात, जास्त झालं तर परातीला चिकटतं, मधेच कुठेतरी ते थापायला येतं. "येवढं शिकाले तीन वर्सं कॉलेज?"

लॅबमधला आकडा निघाला की खरी परीक्षा भरावावर. हायवा, म्हणजे मोठे टिपर, मुरूम ओततात, ग्रेडर तो पसरतो, टँकर पाणी मारतो, रोलर फिरतो. थर दबून वीसेक सेंटिमीटरचा झाला की आमची वेळ. थराची जागेवरची कोरडी घनता मोजायची, साइटवर याला एफडीडी म्हणतात. मधोमध गोल भोक असलेलं चौकोनी ताट थरावर ठेवायचं आणि त्या भोकातून छिन्नीने, चमच्याने थराच्या खोलीइतका खड्डा कोरायचा. निघालेला कण न् कण ब्रशने गोळा करून पिशवीत. त्याचं वजन. मग त्याच खड्ड्यात, आधी तोलून मापून ठेवलेली एकसारखी कोरडी वाळू वरच्या नळकांड्यातून सोडायची. किती वाळू गेली त्यावरून खड्ड्याचं आकारमान. वजन भागिले आकारमान, की घनता. ओलावा काढायला मुठीएवढी माती आणि कॅल्शियम कार्बाइडची पूड एका घट्ट झाकणाच्या भांड्यात घालून हलवायची, आत गॅस तयार होतो आणि काटा टक्के दाखवतो. झाकण उघडलं की जो वास येतो तो एप्रिलमध्ये बाजारात घाईने पिकवलेल्या आंब्यांच्या पेटीचा. भर उन्हात, चहूकडे पिवळी धूळ, आणि मधे हा आंब्याचा वास. मला अजूनही आंबा दिसला की रोलर आठवतो.

लॅबमधल्या एमडीडीच्या मानाने भरावाच्या पोटात ९५ टक्के, वरच्या अर्ध्या मीटरच्या सबग्रेडला ९७. त्याच्या खाली आलं की थर नापास. पुन्हा पाणी, पुन्हा रोलर.

पण भराव टाकायच्या आधी जमीन सोलावी लागते, आणि मला बोलायचंय ते खरं इथून.

आमच्याकडची काळी माती ही माणसाची इस्टेट. मुलगी द्यायची तर आधी विचारतात, जमीन कशी आहे? भारी आहे का? दोन हात, तीन हात काळी खोली असली की सोयरीक जमायला वेळ लागत नाही. तीच माती आमच्या रजिस्टरात 'अनसुटेबल'. तिचा दोष एवढाच की ती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मोजनळीत पाणी घालून रात्रभर ठेवली की ती किती फुगली ते दिसतं, आणि ५० टक्क्यांच्या वर फुगणारी माती भरावात घ्यायची नाही असा नियम. कापूस ज्या गुणावर पोसला जातो त्याच गुणाने रस्ता फाटतो. त्यामुळे पोकलेनने ती काढायची, बाजूला ढीग लावायचा आणि खालचा पिवळा मुरूम लागला की थांबायचं.

एक दिवस असाच मोजनळ्या घेऊन बसलो होतो. पलीकडच्या शिवारातला एक म्हातारा शेतकरी आला. त्याची अडीच एकर गेली होती. मोबदला चांगला मिळाला होता, तक्रार नव्हती, पैशातून त्याने दुसरीकडे जमीनही घेतली होती. तो बराच वेळ नळ्यांकडे पाहत उभा राहिला.

"कोन्ती नापास झाली?"

मी दाखवली.

"ही तं माही हाय," तो म्हणाला. पुढे काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दोन ट्रॅक्टर घेऊन आला आणि त्या ढिगातली काळी माती भरभरून नव्या, हलक्या जमिनीत पसरायला घेऊन गेला. आमच्या मुकादमाने अडवलं नाही. तेवढीच आमची डंपिंगची खेप वाचली.

मातीकामाचा आवाका डोळ्याला कळत नाही, कागदावर कळतो. समजा एकच किलोमीटर घेतला. भरावाचा माथा ५० मीटर रुंद, उंची सरासरी ५ मीटर, दोन्ही बाजूंना एकास दोन उतार. म्हणजे तळाशी ७० मीटर. गुणाकार केला की तीन लाख घनमीटर येतात. आमच्याकडे घनमीटर कोणी बोलत नाही, ब्रास बोलतात, म्हणजे शंभर घनफूट. तर लाखाहून जास्त ब्रास. दाबलेल्या मापाने हायवात दहा-बारा घनमीटर मावतात असं धरलं तर पंचवीस-तीस हजार खेपा. एका किलोमीटरला. आणि ताशी १२०ने जाणारी गाडी तो किलोमीटर ३० सेकंदांत ओलांडते, मागच्या सीटवरच्या पोराचा वेफर्सचा पुडा फोडून होईपर्यंत.

मी हा हिशेब एकदा घमेल्यांत करून पाहिला होता. घमेल्यात फार तर दहा लिटर माती. घनमीटरला शंभर घमेली. किलोमीटरला तीन कोटी.

घमेल्यांत करण्याचं कारण आजी.

१९७२च्या दुष्काळात ती विशीत होती, पदरात माझे वडील. गावालगतच्या पाझर तलावाचं काम निघालं तेव्हा गावातली निम्मी बाईमाणसं त्यावर होती. रोजगार हमीचा कायदा व्हायला अजून काही वर्षं होती, पण दुष्काळी कामं म्हणून खडी फोडणं, रस्ते, तलाव जागोजागी सुरू झालं होतं. मिलो नावाची परदेशातून आलेली लाल ज्वारी, पोरांना सुकडी, शनिवारी मस्टरवर अंगठा. पुरुष टिकावाने खणायचे, बायका डोक्यावर चुंबळ ठेवून घमेली उचलायच्या आणि तलावाच्या भिंतीवर नेऊन ओतायच्या. भिंत दाबायला रोलर नव्हता. आजी सांगते, "बाया-मानसायच्या पायानंच दबली ते. दिवसभर वर-खाली, वर-खाली. आन् बकऱ्या फिरवल्या त्या येगळ्या." बकऱ्यांची गोष्ट मला थापच वाटायची. नंतर मी भरावावर शीप्सफूट रोलर पाहिला. लोखंडी ड्रमला खुरांसारखे गट्टू असतात, चिकण मातीत ते खोलवर रुततात आणि थर खालून वर दाबत येतात. नावातच मेंढी आहे. मी आजीची मनातल्या मनात माफी मागितली.

मजुरी खणलेल्या मापावर मिळायची. प्रत्येक टोळीची खंती, म्हणजे खणायचा खड्डा, वेगळी. आणि माप कसं घ्यायचे, तर खंतीच्या मधोमध मूळ जमिनीचा एक खुंट तसाच सोडायचा. भोवतीची माती गेली तरी हा उभा. शनिवारी मुकादम यायचा, खुंटाच्या डोक्यापासून पायथ्यापर्यंत टेप धरायचा, खोली लिहायचा, मग लांबी-रुंदी. हिशेब झाला की खुंटही खणून टाकायचा.

"आमी काय करत होतो," आजी हसत सांगते, "शुक्करवारी सांजच्याले खुंटावर वरतून एक चिखलाचं ढेकूळ थापत होतो. चांगलं मेळवून. वरतून गवताची मुळी खुपसून द्याची, दिसली पाह्यजे जमिनीवानी." चार बोटं उंची वाढायची. चार बोटांची मजुरी. मुकादमाला कळत असणार, ती म्हणते, पण त्याच्या घरीही मिलोच शिजत होती.

तो तलाव पन्नास वर्षांत गाळाने भरत आला होता. माझ्या लहानपणी त्यात पोळ्यापर्यंत पाणी असायचं, नंतर नंतर दिवाळीलाच तळ दिसायला लागला. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात त्या सुमाराला एक गोष्ट जोरात होती: राष्ट्रीय महामार्गांना लागणारी माती-मुरूम नाले आणि तलाव खोल करून काढायचा. कंत्राटदाराला मुरूम फुकट, गावाला तलाव फुकट. 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून त्याचं नाव झालं होतं. आमच्याही सरपंचाने अर्ज केला. साइटवर मुरमाची ओरड होतीच. एक दिवस माझ्या टेबलावर नमुन्याच्या सहा पिशव्या आल्या, सुतळीने बांधलेल्या, प्रत्येकीवर खडूने गावाचं नाव. माझ्याच गावाचं.

चाचणी खड्डे घ्यायला मी स्वतः गेलो. वर चार-पाच फूट गाळ, लोण्यासारखा. त्याखाली पिवळसर मुरूम, मग टणक, मग मांजऱ्या, म्हणजे कच्चा खडक. गाळ आम्हाला नको होता, तो लोकांनी ट्रॅक्टरने शेतात नेला, सहा-सात दिवस नुसती जत्रा होती. मुरूम मात्र फार चांगला निघाला. तसा मुरूम मला त्या वर्षात दुसऱ्या कुठल्या खाणीत मिळाला नाही. मी सव्वासहाशे ठोके स्वतः मारले, पोरांना हात लावू दिला नाही. रिपोर्टवर 'योग्य' लिहिलं, सही केली.

आजीला सांगितलं तेव्हा ती आधी खूश झाली. तलाव खोल होणार. मग म्हणाली, "आमी टाकलेली माती नेता का मंग?"

"भिंतीला कोणी हात लावणार नाही. आतली, खालची नेणार."

"आमी राहू दिलेली," ती म्हणाली.

मुरूम निघाला त्या दिवसांत ओढ्यावरच्या पुलाचंही काम चालू होतं. मी मातीचा माणूस, पण पुलावाल्यांकडे जाऊन उभा राहायचो. तिथली शिस्त वेगळी. गर्डर, म्हणजे पुलाच्या तुळया, ओतून झाले, काँक्रीटने ताकद धरली की त्याच्या पोटातल्या नळ्यांतून ओवलेल्या पोलादी तारा जॅक लावून ताणतात. ताणताना दोन गोष्टी एकाच वेळी पाहायच्या, घड्याळावरचा दाब आणि तार किती मिलिमीटर लांबली ते. दोन्हींचा मेळ बसला पाहिजे. जॅकच्या मागे कोणी उभं राहायचं नाही. तार सुटली तर ती माणूस पाहत नाही. एरवी अखंड बडबड करणारा झारखंडचा फोरमन त्या वेळी गप्प असायचा, फक्त बोटाने खुणा. ताण देऊन झाला की एवढा थोरला गर्डर मधे किंचित वर उचलला जातो, डोळ्याला कळत नाही, दोरी लावली तर कळतं. मला ते पाहून उगाच बरं वाटायचं. ओझं यायच्या आधीच त्याची तयारी करून ठेवलेली.

१ ऑगस्ट २०२३ला सकाळी बातमी आली तेव्हा मी ती नोकरी सोडून वर्ष उलटलं होतं. समृद्धीच्याच कामावर, शहापूर तालुक्यात सरळांबे इथे, रात्री गर्डर बसवायचं यंत्र, लॉन्चर, कोसळून २० माणसं गेली होती. दुपारपर्यंत मी फोन लावत होतो. ओळखीच्या फोरमनचा लागला, तो गुजरातेत दुसऱ्या साइटवर होता. "जिंदा हूँ सर," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला.

पुलाचं लोक कौतुक करतात, फोटो काढतात. पण जुन्या रस्त्यावर पुलाजवळ जी गाडी उडते ती पुलामुळे उडत नाही. पूल पायावर उभा असतो, तो जागचा हलत नाही. खचतो त्याला लागून असलेला भराव. अबटमेंटच्या, म्हणजे पुलाच्या टोकाच्या, भिंतीला खेटून मोठा रोलर नेता येत नाही, नेला तर भिंतीवरच जोर येतो. म्हणून तिथे भिंतीमागे दगडांचा फिल्टर रचायचा, पाणी निघायला भिंतीत भोकं, आणि मुरमाचे पातळ पातळ थर छोट्या हातयंत्राने दाबायचे. कंटाळवाणं काम. दिवसाला एक-दोन थर. बिलात दिसत नाही, फोटोत तर नाहीच. आणि सगळी घाई येऊन आदळते ती नेमकी इथे, कारण पूल झालेला असतो, भराव झालेला असतो आणि मधला हा वीस-तीस फुटांचा तुकडा कोणाला तरी आज रात्री हवा असतो.

अशाच एका संध्याकाळी थर ९३वर आला. मी नापास म्हटलं. हातयंत्र पुन्हा फिरवलं, ९४.१. पाऊस येईल असं आभाळ, मागे हायवांची रांग, आणि आमचा साइट इनचार्ज शेजारी उकिडवा बसलेला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. म्हणाला, "तू जागा बदलून घे ना. तिकडं घे, मधे." थरावर खड्डा कुठे कोरायचा हे लॅबवाल्याच्या हातात असतं. भिंतीपासून लांब, जिथे रोलरच्या दोन-चार फेऱ्या जास्त बसल्या होत्या तिथे मी ताट ठेवलं. ९५.६. रजिस्टरात लिहिलं ते खोटं नव्हतं. आकडा त्या खड्ड्याचा होता आणि खराच होता.

हे मी पुष्कळ दिवस कोणाला सांगितलं नाही. एकदा रात्री लाइट गेले असताना आजीला सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "म्हंजे तूई ढेकूळ थापलं." मग थोड्या वेळाने, "पन आमाले पोरं होती रे उपाशी."

मार्च २०२०मध्ये काम बंद पडलं. ऑपरेटर बिहारचे, यूपीचे, गर्डरवाले झारखंडचे. कॅम्पमध्ये किराणा होता, पण सगळ्यांना घर हवं होतं. काही जण अर्ध्या रात्री चालत निघाले, आम्हीच तयार केलेल्या भरावावरून, कारण तिथे पोलीस नव्हते आणि वाट सरळ होती. मे महिन्यात, ८ तारखेला, करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून चालत निघाले होते. आमचे नव्हते, स्टील कारखान्यातले होते. पण त्या सकाळी कॅम्पमध्ये कोणी चूल पेटवली नाही.

११ डिसेंबर २०२२ला नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर खुला झाला. पंतप्रधान आले होते, आम्ही टीव्हीवर पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी मोटारसायकल काढून इंटरचेंजपर्यंत गेलो आणि तिथल्या माणसाने हात आडवा केला. दुचाकी चालत नाही, ऑटो नाही, ट्रॅक्टर नाही. माहीत होतं, बोर्डावर लिहिलंय, तरी गेलो होतो. परतताना बॉक्समधून, म्हणजे भुयारी वाटेने आलो, रस्त्याच्या पोटातून. वर गाड्यांचा आवाज, खाली अंधार, घोटाभर पाणी साचलेलं. बॉक्सच्या भिंतीवर कोणीतरी विटेच्या तुकड्याने आपलं आणि एका मुलीचं नाव लिहिलं होतं.

तलावाचं सांगायचं राहिलं. पहिल्या पावसाळ्यात तो तुडुंब भरला. आसपासच्या विहिरींना होळीनंतरही पाणी होतं, गावात पेढे वाटायचेच बाकी होते. पण मुरूम जिथे चांगला लागला तिथे पोटकंत्राटदाराच्या पोकलेनने सरळ खाली कापत नेलं होतं. कडा उतरत्या करायच्या ठरलं होतं, बोलीत तसं होतं. मशीन दुसऱ्या खाणीवर हलवायची वेळ आली तेव्हा एका कोपऱ्यात वीस-बावीस फुटांची उभी भिंत तशीच राहिली. पाणी भरल्यावर ती दिसेना. जुन्या सवयीने जनावरं त्याच कोपऱ्याने उतरायची, कारण पन्नास वर्षं तिथे गुडघाभर पाणी असायचं.

शेजाऱ्याची म्हैस गेली. गाभण होती. जेसीबीला दोर बांधून काढली तेव्हा मी तिथेच होतो. कोणी मला काही बोललं नाही. बोलायला मी कोण? मी मुरूम तपासणारा. मुरूम उत्तम होता. भरावातल्या प्रत्येक थराचं माझ्याकडे रजिस्टर होतं, तारीख, चेनेज म्हणजे रस्त्यावरचं अंतर, डावीकडून किती मीटर, ओलावा, घनता, सही. ज्या खड्ड्यातून तो आला त्याच्या उताराची, कडेची, खोलीची एक ओळ कुठे नव्हती. तो कोणाच्या टेबलावरच नव्हता.

नंतर लोकांनी त्या कडेने बाभळीच्या काट्या रोवल्या. दर वर्षी पावसाळ्याआधी नव्या रोवतात. लोणार आमच्यापासून लांब नाही. तिथला खड्डा आकाशातून उल्का पडून झाला, पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंदीचा, जगातून लोक पाहायला येतात. आजी म्हणते त्यालाही लवणासुराची गोष्ट आहे, म्हणजे खड्डा कोणी केला ते नाव घेऊन सांगता येतं.

गेल्या दिवाळीनंतर चुलतभावाने गाडी घेतली आणि आजीला शिर्डीला न्यायचं ठरलं. ती पहिल्यांदाच समृद्धीवर चढत होती. पुढे बसायला तयार नव्हती, मागे माझ्याशेजारी, मांडीवर पिशवी, पिशवीत दशम्या आणि चटणी. टोल नाका आला तशी तिने कमरेची चंची सोडली. भाऊ म्हणाला, आजी, इथे नाही, उतरताना आपोआप कापतात, जितकं चाललं तितकं. "मापावर?" तिने विचारलं. हो, मापावर. तिला ते आवडलं.

मी तिला तलाव दाखवणार होतो. भरावावरून दिसेल असा अंदाज होता. भावाला हळू चालव म्हटलं तर मागून ट्रकने हॉर्न मारला. कडेची भिंत, पलीकडे झाडं, एक हिरवा पट्टा आणि क्षणभर चमकलेलं काहीतरी. पाणी असेल, नाहीतर कोणाच्या गोठ्याचा पत्रा.

"गेला?"

"गेला."

"थांबव ना रे."

"इथे थांबता येत नाही आजी."

ती काचेला नाक लावून मागे पाहत राहिली. आता पुढे ओढा. मला तो पूल चेनेजने पाठ आहे, पण त्याची गरजच नव्हती, पायांना आधीच कळलं होतं. मी दोन्ही पाय गाडीच्या तळाला रोवले आणि पुढच्या सीटचं हँडल धरलं. भाऊ गाण्याच्या ठेक्यावर स्टेअरिंगवर बोटं वाजवत होता. वेग ११८. काँक्रीटवरच्या टायरचा आवाज पुलावर जरासा बदलला, पोकळ झाला, पुन्हा पहिल्यासारखा. गाडी उडाली नाही. हललीसुद्धा नाही.

आजीने माझ्या हाताकडे पाहिलं, हँडल अजून धरलेलंच होतं.

"हाच का तुहा खुंट?" तिने विचारलं आणि पिशवीतून दशमी काढून अर्धी माझ्या हातात दिली.